शिक्का राजाचा, हुकूम दुसऱ्याचा

१४ मे १२६४ रोजी इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री ससेक्समधल्या लुइस या गावाबाहेर आपल्याच सरदारांकडून हरला. लढाई एका दिवसात आटोपली, पण भांडण जुनं होतं. हेन्रीचा बाप जॉन याच्याकडून सरदारांनी १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा लिहून घेतला होता. राजाही कायद्याला बांधील आहे, ही गोष्ट तेव्हापासून कागदावर होती. राजा ती पाळत नसेल तर काय करायचं, याचं टिकणारं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं.

हेन्री काही जॉनसारखा क्रूर नव्हता. धार्मिक, खर्चिक, नातलगांना सढळ हातानं देणारा माणूस. वेस्टमिन्स्टर ॲबीची भव्य पुनर्बांधणी त्यानेच सुरू केली. अडचण अशी की ज्यांना तो देत होता ते बहुतेक बाहेरचे होते: फ्रान्समधून आलेले लुझिन्यां घराण्यातले सावत्र भाऊ आणि राणीचे सॅव्हॉय प्रांतातले नातलग. त्यात १२५४ मध्ये त्याने धाकट्या मुलासाठी, एडमंडसाठी, सिसिलीचं राज्य पोपकडून स्वीकारलं. राज्य दुसऱ्याच्या ताब्यात, ते जिंकायचं हेन्रीने आणि वर पोपचं कर्जही फेडायचं हेन्रीनेच! कर्जाचा आकडा होता १,३५,५४१ मार्क, म्हणजे सुमारे ९०,००० पौंड. पैसे न दिल्यास धर्मबहिष्काराची धमकीही होती. एवढा वेडा सौदा इंग्लंडच्या गादीने क्वचितच केला असेल.

पिकं बुडाली होती, लोक उपाशी मरत होते आणि राजा कर मागत होता. एप्रिल १२५८ मध्ये सरदार चिलखत घालून वेस्टमिन्स्टरच्या दरबारात आले. तलवारी त्यांनी दाराशी ठेवल्या खऱ्या, पण राजाने घाबरून विचारलंच, की मी तुमचा कैदी झालो की काय. त्याच उन्हाळ्यात ऑक्सफर्डचा करार झाला. पंधरा जणांच्या मंडळाच्या सल्ल्याने राजाने कारभार करायचा आणि वर्षातून तीनदा पार्लमेंट भरवायचं, असं ठरलं. ही व्यवस्था पाळण्याची आज्ञा त्या ऑक्टोबरमध्ये लॅटिन आणि फ्रेंचबरोबर इंग्रजीतूनही निघाली. राजदरबाराने सामान्य लोकांच्या भाषेत बोलावं, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

करार पाळण्याची शपथ हेन्रीने घेतली होती. १२६१ मध्ये पोपकडून त्याने तिच्यातून सुटका मिळवली आणि पुन्हा मनमानी सुरू केली. आता विरोधकांचा म्होरक्या झाला लेस्टरचा अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार, सायमन द माँटफर्ट. हा राजाचा मेहुणा आणि जन्माने फ्रेंच. परक्यांविरुद्धच्या चळवळीला नेताही परकाच मिळाला. माणूस करारी, शपथेला जागणारा आणि तितकाच हावरा. त्याने लेस्टरमधून ज्यूंना हाकललं होतं आणि १२६४ मध्ये त्याच्या समर्थकांनी लंडनच्या ज्यू वस्तीत कत्तल केली. त्याला लोकशाहीचा संत ठरवणाऱ्यांनी हे पान उलटून जाऊ नये.

दोन्ही पक्षांनी फ्रान्सच्या नवव्या लुईला पंच नेमलं. जानेवारी १२६४ मध्ये त्याने आमिआं इथे सरळ हेन्रीच्या बाजूने निवाडा दिला. एक राजा दुसऱ्या राजाच्या अधिकारावर गदा येऊ देईल, ही अपेक्षाच भाबडी होती. यानंतर फक्त तलवारी उरल्या.

लुइसला राजा मठात उतरला होता आणि युवराज एडवर्ड किल्ल्यात. सैन्य राजाचंच मोठं होतं. माँटफर्टने रात्रीतून कूच करून गावावरची टेकडी धरली. त्याच्या सैनिकांच्या अंगावर पांढरे क्रूस होते, जणू धर्मयुद्धच. समोरच्या फळीत लंडनकर दिसताच एडवर्ड त्यांच्यावर तुटून पडला. आदल्या वर्षी लंडन पुलावरून लोकांनी त्याच्या आईच्या नावेवर दगड आणि घाण फेकली होती, तो राग त्याच्या मनात होता. पळणाऱ्यांचा पाठलाग करत तो कित्येक मैल गेला. परतला तोवर बापाची फळी मोडली होती, हेन्री मठाच्या आश्रयाला गेला होता आणि काका रिचर्ड पवनचक्कीत लपलेला सापडला होता. एडवर्डला ओलीस राहावं लागलं.

खरी पंचाईत इथून पुढे झाली. राजा हातात होता, पण गादी रिकामी नव्हती, आणि दुसरा राजा बसवण्याचा विचारही कुणी केला नाही. माँटफर्ट हेन्रीच्या नावाने, हेन्रीच्या शिक्क्याने हुकूम काढत राहिला आणि ते कुणाचे हुकूम आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. जानेवारी १२६५ चं पार्लमेंट बोलावताना त्याला आवतण द्यायला जेमतेम २३ सरदार उरले होते. मग प्रत्येक परगण्यातून दोन नाइट, म्हणजे सरदारांखालचे जमीनदार योद्धे, आणि निवडक शहरांतून दोन-दोन नागरिक बोलावले गेले. नाइट पूर्वीही आले होते. राज्यकारभाराच्या चर्चेला शहरवासी असे बोलावले जाणं नवं होतं. माझ्या मते त्यात तत्त्वापेक्षा गरज जास्त होती. सरदार पाठीशी नव्हते, तेव्हा पाठबळ दुसरीकडून आणणं भाग होतं.

तेही पुरलं नाही. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर माँटफर्टच्या मुलांच्या वाढत्या जहागिऱ्यांवर चिडून फुटला. मे महिन्यात एडवर्डने घोड्यावरून फिरायच्या निमित्ताने पहाऱ्यातून पळ काढला. ४ ऑगस्ट १२६५ रोजी ईव्हशॅमला एडवर्डच्या फौजेशी लढताना माँटफर्ट मारला गेला आणि त्याच्या प्रेताचे तुकडे केले गेले. हेन्री त्या दिवशी माँटफर्टच्याच सैन्यात, दुसऱ्याच्या चिलखतात उभा होता. आपल्याच सुटकेसाठी आलेल्यांकडून तो जखमी झाला आणि आपण राजा आहोत असं ओरडला म्हणून वाचला.

त्यानंतर बंडखोरांच्या जमिनी सरसकट जप्त झाल्या, त्यामुळे बंडखोरांच्या ताब्यातला केनिलवर्थचा किल्ला सहा महिने लढत राहिला. अखेर दंड भरून जमीन परत घेण्याची सवलत द्यावी लागली. सरदारांच्या मंडळाने राजावर देखरेख ठेवण्याची कल्पना विजेत्यांनी मोडीत काढली. मात्र न्यायदान आणि जमिनीच्या हक्कांबाबत सुधारकांनी १२५९ मध्ये केलेले बरेचसे नियम हेन्रीने १२६७ मध्ये मार्लबरोच्या कायद्यात स्वतःच्या नावाने पुन्हा मंजूर केले. त्या कायद्यातली काही कलमं इंग्लंडमध्ये आजही लागू आहेत.