लस पिलाची, टोचायची आईला

गाय व्यायली की खरवसाची वाट इंदूरच्या मराठी घरांत आजही पाहिली जाते. डुकरिणीच्या चिकाची चर्चा मात्र महूला पशुवैद्यक शिकणाऱ्यांपलीकडे सहसा जात नाही. पिलांच्या हगवणीवरच्या लसींचा इतिहास या चिकाभोवती आणि त्यामागून येणाऱ्या दुधाभोवतीच फिरतो.

टीजीई आणि पीईडी हे डुकरांच्या पिलांना होणाऱ्या या हगवणीचे दोन रोग. टीजीईची नोंद अमेरिकेत 1946 सालची. पीईडी इंग्लंडमध्ये 1971 साली दिसला, त्याचा विषाणू 1978 मध्ये ओळखला गेला. दोन्ही विषाणू कोरोना कुळातले. आठवड्याच्या आतलं पिल्लू यातून क्वचितच वाचतं. आतड्याचं अस्तर झिजतं, दूध पचत नाही, अंगातलं पाणी निघून जातं. लस टोचून त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळच उरत नाही. म्हणून लस गाभण आईला. पण डुकरिणीच्या वारेतून पिलाला प्रतिपिंडं मिळत नाहीत. चिकातली आयजीजी, म्हणजे प्रतिपिंडांचा एक प्रकार, रक्तात जाते. आतड्याला मात्र दुधातली आयजीए, म्हणजे दुसरा प्रकार, रोज लागते. ती भरपूर उतरते, ती विषाणूची गाठ आधी आईच्या आतड्याशी पडली असेल तर. नुसत्या इंजेक्शनने हे नीट साधत नाही.

इथेच ‘फीडबॅक’चा घोळ सुरू होतो. या धंद्यात फीडबॅक म्हणजे अभिप्राय नव्हे. मेलेल्या पिलांची आतडी किंवा त्यांची विष्ठा गाभण डुकरिणींना खाऊ घालणं, हा तो उपाय. काही जण याला लसीकरणच म्हणतात. ते चूक आहे. लसीत विषाणू किती आहे हे ठरलेलं असतं आणि दुसरा रोगजंतू नाही याची तपासणी होते. इथे मात्रा कोणालाच माहीत नसते, पीआरआरएससारखे (डुकरांमध्ये गर्भपात आणि श्वसनाचा त्रास घडवणारा विषाणूजन्य आजार) रोग सोबत पसरू शकतात आणि फार्मवर विषाणू खेळता राहतो. तरीही 2013 मध्ये पीईडी अमेरिकेत शिरला तेव्हा हाताशी मंजूर लसच नव्हती. वर्षभरात सुमारे 70 लाख पिलं गेली. त्या दिवसांत ज्यांनी फीडबॅक वापरला, त्यांना दोष देणं मला जमत नाही.

2014 मध्ये दोन लसींना सशर्त परवाना मिळाला. दोन्ही टोचायच्या. पूर्वी लागण होऊन गेलेल्या डुकरिणींमध्ये त्यांनी प्रतिपिंडं चांगली वाढवली, ज्यांना विषाणू कधी भेटलाच नव्हता त्यांच्यात कमी. कोरियात तोंडावाटे द्यायची लस त्याच्या दहा वर्षं आधीच, 2004 साली आली होती. पण 2010 पासून आशियात पसरलेल्या नव्या प्रकारांपुढे जुन्या वाणांच्या लसी अपुऱ्या पडू लागल्या.