जँगो, रेल्स संथ? आधी क्वेऱ्या मोजा

‘एक्सप्रेस वेगवान, जँगो आणि रेल्स मुळातच संथ’ हा समज वेबसाइट बांधायच्या या तीन फ्रेमवर्कबद्दल (तयार सांगाड्यांबद्दल) वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला आधार असतो तो बहुतेकदा नुसतं ‘हॅलो वर्ल्ड’ एवढंच उत्तर पाठवणाऱ्या चाचणीचा. तिथे नोड (एक्सप्रेस ज्यावर चालतं ते) पुढे निघतं, हे खरंच. पण त्या चाचणीत डेटाबेस नाही, लॉगिन नाही, टेम्प्लेट (पानाचा साचा) नाही.

खऱ्या पानावर वेळ बहुधा क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) खातात. समजा, 50 ऑर्डरींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव. जँगोत नुसत्या ऑर्डरी आणून टेम्प्लेटमध्ये नाव मागितलं, की यादीची 1 आणि नावांच्या 50, अशा 51 क्वेऱ्या सुटतात. डेटाबेसची एक फेरी 2 मिलिसेकंदांची धरली तरी 102 मिलिसेकंद गेले. ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावा, एका जॉइनमध्ये (दोन तक्ते जोडणाऱ्या क्वेरीत) काम होतं. रेल्समध्ये त्यासाठी ‘इन्क्लूड्स’ आहे. एक्सप्रेसमध्येही लूपच्या आत ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांबा) लिहून एकेक नाव मागितलंत तर तेच 51.

तुलना करायचीच तर डीबग (चुका शोधायची सेटिंग) बंद ठेवा (चालू असताना जँगो क्वेऱ्यांची नोंद मेमरीत ठेवतं), ‘रनसर्व्हर’ऐवजी (जँगोचा विकासापुरता सर्व्हर) गनिकॉर्न हा खऱ्या वापराचा सर्व्हर वापरा आणि सरासरीपेक्षा 95वा पर्सेंटाइल (95 टक्के विनंत्या जेवढ्या वेळात उरकतात तो) बघा. नोडच्या एका प्रोसेससमोर गनिकॉर्नचे चार वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोसेस) उभे करणं हीसुद्धा लबाडीच.