घड्याळातून काढलेला सेल

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा जागच्या जागी थरथरू लागला की आपण सेल काढून टाकून देतो. तोच सेल मल्टिमीटरला लावून बघा, बहुतेकदा एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. सेल मेलेला नसतो. पण त्यावर पांढरा एलईडी पेटवायचा तर लागतात जवळजवळ ३ व्होल्ट.

व्होल्टेज वाढवायला ट्रान्सफॉर्मर आहे, पण सेलच्या संथ डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर) तो ढिम्म असतो. १८३१ साली मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताना आणि तोडताना तेवढ्यापुरतीच दुसऱ्याकडची सुई हलली. म्हणजे जोड-तोड सतत चालू ठेवणारं कोणीतरी हवं. व्हॉल्व्हच्या जमान्यात मोटारीतल्या रेडिओत ते काम एक थरथरणारी पट्टी करायची.

आता एक ट्रान्झिस्टर पुरतो. बंद पडलेल्या सीएफएलच्या सर्किटमधलं फेराइटचं इवलंसं कडं घ्या (काचेची नळी मात्र फोडू नका, आत पारा असतो). त्यावर दोन तारा जोडीने दहा-बारा वेढे गुंडाळा. एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीच्या टोकाला जोडून सेलच्या प्लसला लावा. उरलेल्या टोकांपैकी एक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला, दुसरं कलेक्टरला (बेस, कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे तीन पाय). एमिटर मायनसला, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये एलईडी. माझा पहिल्यांदा पेटलाच नाही. एका तारेची टोकं उलट लागली होती. ती बदलली आणि लख्ख उजेड पडला!

आत काय होतं? कलेक्टरचा प्रवाह वाढतो, तसं शेजारचं वेटोळं बेसला आणखी रेटा देतं. वाढ थांबली की रेटाही जातो आणि ट्रान्झिस्टर पटकन बंद होतो. कड्यातलं चुंबकत्व ओसरताना वेटोळ्याचं व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजमध्ये भर घालतं आणि एलईडी पेटतो. सेकंदाला हजारो वेळा. एलईडीला मिळतात ते डीसीचेच ठोके. खरा एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) हवा तर कड्यावर तिसरं वेटोळं गुंडाळायचं. या सर्किटला 'जूल थीफ' म्हणतात. चोर कसला, वाया जाणारं वेचून घेणारा आहे तो.

अडतं ते सुरुवातीला. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला जागं व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला ०.२-०.३. त्याहून खाली जायचं तर गेटला (बेसच्या जागी असलेल्या पायाला) काही न देताही उघडाच राहणारा जेफेटसारखा ट्रान्झिस्टर आणि एकास शंभर वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर हवा. एलटीसी ३१०८ ही चिप अशा ट्रान्सफॉर्मरच्या जोडीने अवघ्या २० मिलिव्होल्टवर सुरू होते. एवढं व्होल्टेज थर्मोइलेक्ट्रिक पट्टीवर (तापमानातल्या फरकातून वीज देणाऱ्या पट्टीवर) तळहात ठेवला तरी मिळू शकतं.