काउंटीच्या वहीतली लग्नं

महाराष्ट्रात अक्षता आधी पडतात आणि नोंदणी मागाहून होते. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी अशा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज निबंधकाकडे जातो आणि दाखला हातात पडतो. विधिवत लागणाऱ्या लग्नासाठी आधी सरकारकडे जावं लागत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत आधी परवाना काढायचा, मग लग्न लावायचं आणि लग्न लावणाऱ्याने सही केलेला तोच कागद परत कचेरीत पाठवायचा, असा क्रम आहे. तो परत आला की वहीत नोंद होते. मुलाचं किंवा मुलीचं लग्न तिकडे ठरलेल्या मराठी घरांत या क्रमावरून बराच गोंधळ उडतो, कारण परवाना आणि नोंद ही एकच गोष्ट आहे असं धरून चाललं जातं. त्या दोन्हींचे इतिहास वेगळे आहेत आणि दोन्ही जाणून घेण्यासारखे आहेत.

परवान्याचं मूळ इंग्लंडच्या चर्चमध्ये आहे. तिथे लग्न ठरलं की सलग तीन रविवारी ते चर्चमध्ये जाहीर करायचे, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती आधीच पुढे यावी. ज्यांना घाई असे किंवा गावभर बोभाटा नको असे, ते बिशपला पैसे भरून या जाहिरातीतून सूट मिळवत. ही सूट म्हणजेच लायसन्स. अमेरिकेतल्या वसाहतींत बिशप नव्हताच. त्यामुळे सतराव्या शतकात व्हर्जिनियात हे काम गव्हर्नरच्या नावाने काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, क्लार्क (दप्तर सांभाळणारा अधिकारी) करू लागला. परवाना देताना तो हमीपत्र लिहून घेई. नवरदेव आणि बहुधा मुलीकडचा कुणी नातेवाईक त्यावर सही करत आणि लग्नाला कायदेशीर अडथळा निघाला तर अमुक रक्कम भरू असं कबूल करत. ही हमीपत्रं आज पूर्वज शोधणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतात. मात्र त्यांवरून लग्न ठरलं होतं एवढंच कळतं, ते खरोखर लागलं की नाही ते कळत नाही.

उत्तरेकडच्या वसाहतींनी वेगळी वाट धरली. प्लिमथमध्ये १६२१ साली एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं लग्न धर्मगुरूने नव्हे, मॅजिस्ट्रेटने लावलं. त्या मंडळींच्या मते लग्न ही नागरी बाब होती, चर्चची नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासून जन्म, लग्न आणि मृत्यू सरकारी दप्तरात नोंदवण्याचा हुकूम झाला. स्वातंत्र्यानंतर लग्नाचे कायदे प्रत्येक राज्याकडे राहिले, राज्यांनी अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी काउंटीवर सोपवली आणि देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या झाल्या. सगळ्या देशाची एकच लग्नवही तिथे आजही नाही, ती यामुळेच.

अर्थात कागद नसला तरी लग्न मोडीत निघत नव्हतं. नवरा-बायको म्हणून राहणारं, समाजाने तसं मानलेलं जोडपं कायद्यानेही विवाहित, हा दंडक न्यूयॉर्कच्या कोर्टाने १८०९ साली मान्य केला आणि सुप्रीम कोर्टाने १८७७ साली उचलून धरला. गाव दूर, पाद्री वर्षातून एकदा येणार, अशा मुलखात तो सोयीचाच होता.

पण या सोयीतही गुलाम माणसं बसत नव्हती. गुलामाला कसलाच करार करता येत नसे, म्हणून लग्नही करता येत नसे. पंचवीस-तीस वर्षं एकत्र काढलेल्या जोडप्याला मालक वेगवेगळं विकू शके आणि त्याला कायद्याची आडकाठी नसे. यादवी युद्ध संपल्यावर, मार्च १८६६ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने कायदा केला की गुलामीत एकत्र राहिलेली आणि पुढेही राहू इच्छिणारी जोडपी विवाहित समजली जातील. मात्र त्यांनी काउंटी कोर्टाच्या क्लार्कसमोर किंवा जस्टिस ऑफ द पीससमोर (स्थानिक न्यायाधिकाऱ्यासमोर) जाऊन कधीपासून एकत्र आहोत ते सांगायचं आणि २५ सेंट भरायचे. नोंद न करणं हा गुन्हा ठरवला होता, तेव्हा या कायद्यात धाकही होता. तरीही त्या वह्या नुसत्या धाकाने भरल्या असं मला वाटत नाही. नुकती सुटका झालेल्या, हातात फारसं काही नसलेल्या माणसांसाठी २५ सेंट ही थोडी रक्कम नव्हती. एका ओळीत दोन नावं आणि पुढे वर्षांचा आकडा, कुणाचा थोड्या वर्षांचा, कुणाचा कित्येक दशकांचा. ज्यांचं नातं तोवर कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं, त्यांचं ते अशा रीतीने पहिल्यांदा लिहिलं गेलं. मुलांचं औरसपण, वारसा, युद्धात मेलेल्या सैनिकाच्या विधवेचं पेन्शन, या सगळ्याला पुढे अशाच नोंदींचा आधार लागला. काउंटीच्या दप्तरात याहून मोलाचं काही असेल असं मला वाटत नाही.

त्याच कचेरीतला परवाना मात्र माणसं अडवण्यासाठी वापरला गेला. वेगवेगळ्या वंशांच्या लग्नांवर बंदी घालणारे कायदे अनेक राज्यांत होते आणि ते प्रत्यक्षात चालवायचा तो खिडकीतल्या क्लार्कने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना याचा थेट अनुभव आला. कायद्यात भारतीय माणसाचं नाव घेतलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांच्या कातडीचा रंग बघून क्लार्क ठरवी. मेक्सिकन वंशाच्या स्त्रीबरोबर अर्ज केला, तर दोघांपुढे ‘ब्राउन’ लिहून परवाना मिळून जाई. अशी शेकडो कुटुंबं तिथे उभी राहिली.

आंद्रेआ पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस एंजेलिस काउंटीच्या क्लार्कने परवाना नाकारला, कारण मेक्सिकन वंशाची आंद्रेआ कायद्याने गोरी आणि सिल्व्हेस्टर कृष्णवर्णीय. ते कोर्टात गेले आणि १९४८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ती बंदी रद्द केली. गोरा रिचर्ड आणि कृष्णवर्णीय मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये जाऊन रीतसर लग्न केलं होतं, दाखला घरात भिंतीवर लावला होता. तरी व्हर्जिनियाच्या शेरीफने त्यांना रात्री घरात शिरून अटक केली. त्यांच्या खटल्यात १२ जून १९६७ ला सुप्रीम कोर्टाने देशभरातले असे सगळे कायदे घटनाबाह्य ठरवले.

बाकीच्या अटी येत-जात राहिल्या. १९३५ साली कनेटिकटने सिफिलिससाठी रक्ततपासणी सक्तीची केली, मग इतर राज्यांनीही. आता ही अट उठली आहे. एका राज्याने थांबण्याची मुदत घातली की जोडपी शेजारच्या राज्यात जात. मेरीलँडमधलं एल्कटन त्यावरच गाजलं, १९३८ साली तिथेही ४८ तासांची अट येईपर्यंत. २०१५ मध्ये समलिंगी विवाहांना देशभर मान्यता मिळाल्यावर केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्कने परवाने द्यायला नकार दिला आणि तिला तुरुंगात जावं लागलं. अलाबामाने तर २०१९ पासून परवानाच बंद केला. तिथे जोडप्याने सह्या केलेला फॉर्म प्रोबेट कोर्टात (मृत्युपत्रं, वारसा वगैरे बघणाऱ्या स्थानिक कोर्टात) दाखल करायचा आणि कोर्टाने फक्त नोंद घ्यायची. मला हे योग्य वाटतं, कारण नोंदीने कुणाचं नुकसान केलेलं नाही, जे केलं ते परवान्याने.

नोंदी टिकतात मात्र त्या त्या काउंटीच्या नशिबाने. शिकागोच्या १८७१ च्या आगीत कुक काउंटीचं दप्तर जळालं, म्हणून तिथल्या लग्ननोंदी त्या वर्षापासूनच सापडतात. कॅलिफोर्नियात १८७८ पासून गोपनीय लग्नाचीही सोय आहे. आधीपासून एकत्र राहणाऱ्यांना आपला खासगीपणा न गमावता लग्न करता यावं, हा तिचा हेतू. तिची प्रत त्या दोघांखेरीज कुणाला कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही.

आता तिकडे लग्न ठरलेल्यांसाठी. परवान्याला मुदत असते: न्यूयॉर्कमध्ये ६० दिवस, कॅलिफोर्नियात ९० दिवस. टेक्ससमध्ये परवाना मिळाल्यावर साधारणपणे ७२ तास थांबावं लागतं. गुरुजींना त्या राज्यात लग्न लावण्याचा अधिकार आहे का, ते आधी विचारून घ्यावं, आणि सही केलेला कागद कचेरीत पोचला याची खात्री करावी. कॅलिफोर्नियात त्यासाठी १० दिवस मिळतात. समारंभात मिळालेलं शोभेचं प्रमाणपत्र व्हिसाला किंवा पासपोर्टला चालत नाही, काउंटीची शिक्क्याची प्रमाणित प्रतच लागते. ती भारतात वापरायची असेल तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणन, करून घ्यावी. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे. आणि प्रत मागायची ती परवाना दिलेल्या काउंटीकडे. कॅलिफोर्नियात परवाना सान फ्रान्सिस्कोचा आणि लग्न नापाला लागलं असेल, तर नोंद सान फ्रान्सिस्कोतच असते, जोडपं पुढे कुठेही राहायला गेलेलं असो.