प्लगचा रंग आणि घाटावरची हवा

बेळगाव, निपाणी किंवा खानापूरच्या जुन्या गॅरेजात एखादी येझदी, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, आली की मिस्त्री आधी इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढतो, उजेडाकडे धरतो आणि आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकाचा रंग पाहून निकाल देतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढराफटक असेल तर कमी पडते आहे आणि विटकरी असेल तर गाडी ठीक आहे. ही परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. खडेबाजाराच्या गर्दीतून रांगत आलेल्या आणि दारात पाच मिनिटे नुसत्याच चालू राहिलेल्या इंजिनाचा प्लग त्या पाच मिनिटांचीच हकीकत सांगतो. तवंदी घाट चढताना पूर्ण रेज दिल्यावर सिलिंडरमध्ये काय घडत होते, ते त्यावर केव्हाच पुसले गेलेले असते.

याचे कारण हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या रचनेत आहे. रेजची मूठ अगदी थोडी फिरवलेली असताना पेट्रोल मुख्यतः छोट्या पायलट जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे बारीक छिद्र) येते, मधल्या टप्प्यात निमुळती सुई त्याचे माप ठरवते आणि शेवटच्या चतुर्थांशात सत्ता मेन जेटच्या हाती जाते. त्यामुळे प्लग पाहण्याआधी तो कोणत्या टप्प्याचा आहे, हे ठरलेले असावे लागते. मेन जेटची परीक्षा करायची असेल तर नवा प्लग बसवून, मोकळ्या चढाच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेजवर गाडी काही अंतर पळवावी लागते, आणि मूठ तशीच ठेवून एकाच वेळी चावी बंद करून क्लच दाबावा लागतो. गाडी घरंगळत थांबली की तिथेच प्लग उघडायचा. हे काम महामार्गाच्या वाहतुकीत करू नये, आणि गरम प्लगला उघडा हात लावू नये. मी एकदा लावला होता, त्याचा डाग बोटावर बरेच दिवस होता.

आता टोकाकडे नव्हे, तर भिंग घेऊन आत पाहायचे. चिनी मातीचा सुळका जिथे धातूच्या कवचात शिरतो, तिथे अगदी तळाशी धुरकट रंगाचे एक बारीक कडे दिसते. हा भाग तुलनेने थंड राहत असल्यामुळे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची काजळी तिथेच टिकते. सुळक्याचे टोक मात्र सुमारे 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की स्वतःवरची काजळी जाळून टाकते. कडे मुळीच नसेल तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले आहे, आणि ते रुंद, गडद होऊन वर चढलेले असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले आहे. टोकाच्या रंगावर प्लगची उष्णता-श्रेणी (तो उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते) आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल या दोन्हींचा परिणाम होतो, म्हणून केवळ त्यावर विसंबून जेट बदलणे मला धोक्याचे वाटते. टोकावर करड्या-चंदेरी रंगाचे सूक्ष्म ठिपके दिसले, तर मात्र भिंग खाली ठेवून इंजिन चालवणेच थांबवावे, कारण ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे कण असतात.

एकदा जुळवलेले मिश्रण कायम का राहत नाही, याचे उत्तर हवेत आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटर मात्र हवेचे वजन करत नाही, तो हवेच्या वेगाने निर्माण होणाऱ्या ओढीवर चालतो. हवेची घनता दहा टक्क्यांनी वाढली की आत जाणारी हवा दहा टक्क्यांनी वाढते, पण पेट्रोलचा प्रवाह घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे जेमतेम पाच टक्क्यांनी वाढतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने इथली हवा गोव्यातल्या किनाऱ्यापेक्षा ढोबळमानाने सात टक्क्यांनी विरळ असते. इथे काटेकोर जुळवलेली गाडी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून खाली गेली की मिश्रण आपोआप तीन-साडेतीन टक्क्यांनी लीन होते. त्यात घाट उतरताना मूठ बंद ठेवून गिअरच्या जोरावर गाडी सोडली, तर पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही तुटते. खाली पोहोचल्यावर सपाटीला रेज देताच पिस्टन जाम होण्याचे प्रसंग घडतात, त्यामागे बहुधा ही दोन कारणे एकत्र आलेली असतात.

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या टू-स्ट्रोक इंजिनाला हाच प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. शून्य अंशावरून तापमान उणे 30 वर गेले की हवा सुमारे बारा टक्क्यांनी घट्ट होते, म्हणून तिकडे तापमान आणि उंची पाहून मेन जेट निवडण्याचे तक्ते गाडीबरोबरच मिळतात. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही प्लग शेजारी ठेवून पाहतात. एकच फिकट निघाला, तर जेटला हात लावण्याआधी कार्बोरेटरच्या रबरी जोडातून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरते आहे का, ते तपासतात. आपल्याकडे पौषातल्या पहाटेचे 12 अंश आणि वैशाखातल्या दुपारचे 38 अंश यांतही घनतेचा फरक आठ टक्क्यांच्या घरात जातो, पण आपण वर्षभर एकच जेट वापरतो.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. या जिल्ह्यातल्या उसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळले जाते, आणि इथेनॉलला जळण्यासाठी आपल्या वजनाच्या नऊपट हवाच पुरते. त्यामुळे अशा इंधनाचे योग्य प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास उतरते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला जेट न बदलता तसाच ठेवला तर तो लीन ठरतो. त्यातच शिसेमुक्त पेट्रोल आल्यापासून प्लगवर पूर्वीसारखा ठसठशीत विटकरी रंग चढत नाही, त्यामुळे जुन्या सवयीने तो रंग शोधणारा माणूस जेट उगाच वाढवत राहतो. जेट एका वेळी एकाच नंबरने बदलावा, दर वेळी त्याच चढावर नव्या प्लगने पाहावे, आणि शंका आली तर रिच बाजूला थांबावे, कारण काळा पडलेला प्लग पुसता येतो, पण भोक पडलेला पिस्टन नवाच घ्यावा लागतो.