दोन तारखांमधले आठवडे: मोठेपणी ब्रेसेस लावलेल्यांसाठी

"पुढची तारीख एकदम आठ आठवड्यांनी?" ब्रेसेस बसवून पहिल्यांदा घरी निघताना बहुतेक जण आम्हाला हे विचारतात, आणि मोठी माणसं तर हमखास. शाळकरी मुलांच्या तारखा आईवडील लक्षात ठेवतात. तिशी-चाळिशीतल्या माणसाने मात्र हा निर्णय स्वतः घेतलेला असतो, कित्येकदा वर्षानुवर्षं मागे टाकून मग घेतलेला. एकदा ठरवलं की ते लवकर मार्गी लागावं असं वाटणारच. मग दोन महिने कोणी तोंडात बघतही नाही म्हटल्यावर मन खट्टू होतं. आपल्याकडे दुर्लक्ष होतंय की काय, अशी शंकाही येते.

ही शंका मनात ठेवून दोन महिने काढू नयेत, म्हणून हे पत्रक लिहिलं आहे. यातले बरेच आठवडे दाताला खरोखरच लागतात. काही वेळा मात्र वाट बघणं चुकीचं असतं. तो फरक तुम्हाला घरच्या घरी ओळखता यायला हवा.

दात सरकतो तेव्हा

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं, जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास. तारेने दाताला रेटा दिला की हे अस्तर एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, ताणलेल्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या. दात सरकतो तो असा, पुढचं हाड हटवत आणि मागचं भरत.

हे काम एका चालीने होत नाही. तार बदलल्यावर पहिल्या काही दिवसांत दात किंचित हलतो, कारण अस्तर दबलेलं असतं. त्यानंतर बऱ्याचदा तो जागच्या जागी थांबतो. जिथे दाब जास्त पडला तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तो भाग साफ होऊन हाड मोकळं व्हायला दोन-तीन आठवडे जातात. खरी सरक त्यानंतरची, आणि तीही सगळं नीट चाललं तर महिन्याला साधारण १ मिलिमीटर.

म्हणजे आरशात "काहीच होत नाही" असं वाटतं त्या मधल्या आठवड्यांत आत सगळ्यात जास्त काम चाललेलं असतं. अशा वेळी बोलावून पुन्हा तार आवळली, तर भरत आलेल्या जागेवर नव्याने दाब पडतो आणि दाताला सावरायला उसंत मिळत नाही. जोर जास्त आणि वारंवार पडत राहिला तर मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. "लवकर लवकर बोलावलंत तर लवकर संपेल ना?" या प्रश्नाला आम्ही नाही म्हणतो, ते यासाठी.

वयाचंही थोडं सांगायला हवं. मोठ्यांचे दात हलायला सुरुवात जरा सावकाश होते. जबड्याची वाढ संपलेली असल्याने त्या वाढीचा फायदाही घेता येत नाही. पण हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर दात कोणत्याही वयात सरकतात.

किती थांबणं ठीक

सर्वसाधारणपणे दोन तारखांमध्ये ४ ते ८ आठवडे असतात. पूर्वी स्टीलच्या तारांचा जोर लवकर उतरायचा, त्यामुळे रुग्णाला वरचेवर यावं लागे. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत निकेल आणि टायटेनियमचा एक मिश्रधातू हाती लागला, बराच वाकवला तरी मूळ आकारात परत येणारा. १९७० च्या दशकात अमेरिकी दंतवैद्य जॉर्ज अँड्रेसन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. सुरुवातीच्या महिन्यांत तुमच्या दातांवर असते ती मऊ, लवचीक तार याच धातूची. ती हलका आणि एकसारखा जोर आठवडेच्या आठवडे देत राहते, म्हणून तारीख लांब देता येते.

दातांना एकत्र ओढणारी रबराची साखळी, म्हणजे पॉवर चेन, असेल तर गणित वेगळं. तिचा निम्म्याच्या आसपास जोर पहिल्या दिवसातच उतरतो आणि उरलेल्या जोरावर ती पुढचे काही आठवडे काम करते. तिथे आम्ही सहसा ४ ते ६ आठवड्यांनी बोलावतो.

तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे गेली आणि तोंडात फक्त सरळ तार असेल, तर बहुधा वेळ जातो, नुकसान होत नाही. तार आपलं काम संपवून शांत बसते. पण स्प्रिंग असेल किंवा तुम्ही वरच्या-खालच्या दातांमध्ये रबर बँड लावत असाल, तर ती ओढ आपोआप थांबेलच असं नाही. दात हवा त्यापेक्षा पुढे जाऊ शकतो. अशा वेळी तारीख चुकली तर त्याच दिवशी फोन करा, रबर चालू ठेवायचे की थांबवायचे ते विचारा.

पहिला आठवडा

दुखणं तार बदलल्यावर काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. तेवढे दिवस मऊ खा, पुढच्या दातांनी तोडून खाऊ नका. गोळी घ्यायचीच तर आम्ही पॅरासिटॅमॉल सुचवतो. आयब्युप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या ज्या रसायनांना अडवतात, त्यांचाच दात सरकण्यात वाटा असतो. एखादी घेतल्याने काही बिघडत नाही, पण दिवसामागून दिवस घेऊ नका. तुम्हाला दुसऱ्या कशाची औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही घेत असाल तर ते आम्हाला न चुकता सांगा, कारण त्यातल्या काही औषधांचा दात सरकण्यावर थेट परिणाम होतो.

थंड पाण्याचा घोट तोंडात धरला की बऱ्याच जणांना बरं वाटतं. उष्णतेने ताठ होणाऱ्या तारा गार पाण्याने काही मिनिटं सैल पडतात, म्हणून.

रात्री अकराला तार टोचते तेव्हा

दात सरळ होऊ लागले की जागा बदलते आणि तारेचं शेवटचं टोक दाढेमागून थोडं बाहेर येतं. दिवसभर जाणवत नाही. रात्री गालावर झोपलं की ते नेमकं आत रुततं.

हात धुवा. आरशासमोर उजेड घ्या, गाल बोटाने बाजूला ओढा आणि टोक कुठे आहे ते आधी बघून घ्या. मग टिशू पेपरच्या तुकड्याने ती जागा पूर्ण कोरडी करा. इथेच सगळ्यांचं चुकतं, ओल्या जागेवर ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण धरतच नाही. मटाराच्या दाण्याएवढं मेण घेऊन बोटांत मऊ होईपर्यंत फिरवा, टोकावर ठेवा आणि दाबून तारेच्या आत-बाहेर बसवा. त्याचा गुळगुळीत उंचवटा गालाला लागला पाहिजे. जेवताना काढा, नंतर नवं लावा. चुकून पोटात गेलं तरी काळजी नको. गाल सोलवटला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा.

मेणाने भागलं नाही, तार बारीक आहे आणि लगेच येणं शक्य नाही, तर आम्हाला विचारून नखं कापायच्या स्वच्छ कटरने टोक कापता येतं. कापताना त्यामागे टिशू धरा, तुकडा घशात जाता कामा नये.

या गोष्टींसाठी तारखेची वाट बघू नका

ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, सुटलं तर. आमची सगळ्यात कळकळीची विनंती ही आहे. "पुढच्या महिन्यात यायचंच आहे, तेव्हा दाखवू" म्हणून अनेक जण गप्प बसतात, आम्हाला त्रास नको म्हणूनसुद्धा. सुटलेल्या ब्रॅकेटच्या दाताला नीट दिशा मिळत नाही. शेजारचे पुढे जातात, हा मागे राहतो किंवा वळतो, आणि मग त्या एका दातासाठी पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात करावी लागते. ब्रॅकेट तारेवर लोंबत असेल तर तसंच राहू द्या, निघालं असेल तर डबीत ठेवा. घरी काहीही लावून चिकटवू नका. त्याच दिवशी कळवा. तपासणी चार दिवसांनी झाली तरी चालेल, फोन मात्र त्याच दिवशी हवा.

दाढेभोवतीची पट्टी हलत असेल तर तेही लगेच सांगा. तिच्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, आणि दाढ आतून किडायला लागते. हाडात छोटा स्क्रू बसवला असेल आणि तो हलतोय किंवा भोवतीची हिरडी सुजली आहे असं वाटलं, तरी थांबू नका.

चेहऱ्यावर सूज आणि ताप, न थांबणारं रक्त, किंवा तुकडा घशात गेल्यावर खोकला किंवा श्वासाचा त्रास, यांपैकी काहीही झालं तर आमच्या फोनचीही वाट न बघता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. तुकडा गिळला गेला आणि काहीच त्रास नाही, तर तो सहसा आपला निघून जातो. तरीही आम्हाला सांगा.

आरसा आणि फोटो

रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही, भीती मात्र दिसते. अंगठ्याने दाबल्यावर दात हलतो. काल नव्हती ती फट आज पडली आहे. वरचा-खालचा मध्य जुळेनासा झाला आहे. यातलं बहुतेक सगळं वाटेवरचं आहे. दात थोडा हलणं अपेक्षितच असतं, कारण अस्तर आणि हाड नव्याने बनतंय. दात उघड हलू लागला, लांब झाल्यासारखा दिसू लागला किंवा हिरडीतून पू आला, तर लगेच दाखवा.

मोठ्यांमध्ये आणखी एक गोष्ट होते आणि ती आधी सांगितलेली बरी. दाटीवाटीने बसलेले दात सरळ झाल्यावर काहींना हिरडीजवळ छोटी काळी त्रिकोणी फट दिसते. ती पोकळी आधीही होती, दात एकमेकांवर चढल्याने झाकली गेली होती. शेवटच्या टप्प्यात त्यावर काही करता येतं का ते बघता येतं.

रोजच्या आरशाऐवजी चार आठवड्यांतून एकदा फोटो काढा. तीच खिडकी, तीच वेळ, दात मिटून समोरून एक, दोन स्वच्छ चमच्यांनी गाल बाजूला धरून डावीकडून आणि उजवीकडून एकेक. घरातल्या कोणाला तरी काढायला सांगा, एकट्याने जमत नाही. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, पहिल्या दिवसाच्या फोटोशी करा. हेच फोटो अडचणीच्या वेळी आम्हाला पाठवता येतात. २०२० मध्ये दवाखाने बंद होते तेव्हा फोटो बघून सल्ला देण्यावर अनेकांना भिस्त ठेवावी लागली, आणि ती सवय पुढेही उपयोगी पडते आहे.

जे तुमच्याच हातात आहे

रबर बँड दिले असतील तर ते दिवसाचे २० ते २२ तास हवेत आणि रोज नवे हवेत, तुटले नाहीत तरीही, कारण रबर थकतं. तीन दिवस लावून चार दिवस विसरलं तर दात पुढे-मागे करत राहतो, दुखतो आणि पोचत कुठेच नाही. भरपाई म्हणून एकावर दोन रबर लावू नका. कामाच्या ठिकाणी बोलताना अडचण होते हे आम्हाला माहीत आहे. तेवढ्या वेळापुरते काढा, पण नवे रबर खिशात ठेवा आणि बोलणं संपलं की लावा.

स्वच्छतेत हयगय झाली तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग चार आठवड्यांतसुद्धा पडू शकतात. म्हणजे एका तारखेला स्वच्छ असलेला दात पुढच्या तारखेला डागाळलेला असू शकतो. फ्लोराइडची पेस्ट वापरा. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून तिरका, मग खालून तिरका, आणि तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश. हिरडीलगतची कड सोडू नका. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश टाळला तर रक्त वाढतच जातं.

तारा आम्ही बघतो म्हणून तोंडातलं बाकी सगळंही कोणीतरी बघतंय असं समजू नका. जुन्या फिलिंगखालची कीड आणि हिरड्यांचे आजार मोठ्या वयात जास्त असतात. नेहमीच्या दंतवैद्यांकडे दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि सफाई करून घ्या. हिरड्या सुजलेल्या असताना दात सरकवत राहिलो तर हाडाचं नुकसान होऊ शकतं. अशा वेळी आम्ही तार थांबवतो, आणि मग उशीर खरोखर होतो.

तारीख पुढे गेली तर

कधी ती आमच्याकडूनच पुढे जाते. तसं झालं तर संकोच न करता तीन गोष्टी विचारा: आत्ता तोंडात जे आहे ते तेवढे दिवस चालेल का, रबर किंवा स्प्रिंगचं काय करायचं, आणि मध्ये काही झालं तर कोणाला फोन करायचा. याची उत्तरं देणं आमचं काम आहे. दुसऱ्या गावी जाणार असाल तर महिनाभर आधी सांगा, म्हणजे एक्स-रे, फोटो, दातांचे साचे आणि उपचाराचा आराखडा सोबत देता येईल. ते नसताना नवीन डॉक्टरांना पहिल्यापासून अंदाज बांधावा लागतो.

शंका आठवतील तशा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, खुर्चीत बसल्यावर त्या आठवत नाहीत. आणि येण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या ब्रॅकेटवरून एकदा जीभ फिरवून बघा. एखादं हलत असेल तर फोन करून कळवा. ते पुन्हा बसवायला जास्त वेळ लागतो, तेवढा आम्ही तुमच्यासाठी आधीच राखून ठेवू.