जुन्या पद्मिनीचे ब्रेक : काम सांगण्याआधी एवढं वाचा

फियाट ११०० डिलाइट, प्रेसिडेंट किंवा पद्मिनी घेऊन आलेले ग्राहक बहुतेकदा दारातच विचारतात, "पुढे डिस्क बसवून द्याल ना?" डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि दोन पॅडनी चिमटून थांबवायची चकती, बसवून देतो. पण त्याआधी गाडी अर्धा दिवस आमच्याकडे ठेवा आणि चारही ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे आणि आत ब्रेक असलेले डबे, उघडून पाहू द्या. बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं.

चारही चाकांना ड्रम ही या गाडीची मूळ रचना. १०८९ सीसीच्या इंजिनाला ती पुरेशी होती आणि नीट राखली तर शहरात आजही पुरते. परीक्षा होते ती घाटात. खंबाटकी उतरताना पाय पॅडलवरच राहिला की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून, म्हणजे त्याला आतून दाबणाऱ्या कमानीसारख्या पट्ट्यांपासून, लांब सरकतो. त्याच वेळी लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, पकडही कमी होते. पॅडल खाली खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरा, डिस्क बसवल्यानंतरसुद्धा.

मागच्या पावसाळ्यात आलेली एक पद्मिनी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. मालकांनी लायनर दोनदा बदलून घेतले होते. आम्ही उजव्या पुढच्या चाकाचा रबरी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, काढला. बाहेरून धडधाकट, पण कापून पाहिला तर आतलं रबर फुगून टाचणी जाईल एवढंच भोक उरलेलं. ऑइल चाकापर्यंत उशिरा पोचायचं आणि परतही उशिरा यायचं, म्हणून ब्रेक सोडल्यावर तेच चाक तापलेलं राहायचं. तेव्हापासून कुठल्याही ब्रेकच्या कामात होज नवेच घालायचे, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पॅडल स्पंजासारखं दबतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका.

आता सुधारणेचं. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर आम्ही दुहेरी मास्टर सिलिंडर सुचवू. पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. जुन्या गाड्यांत चारही चाकांना ऑइलचं एकच सर्किट असतं. कुठेही पाइप फुटला की चारही ब्रेक जातात आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक. दुहेरी सिलिंडरमध्ये दोन पिस्टन असतात, एक बाजू गेली तरी गाडी दुसऱ्या बाजूवर थांबते. हे काम बॉनेटखाली होतं, बाहेरून गाडी आहे तशीच दिसते.

डिस्क हे त्यापुढचं आणि मोठं काम. ड्रममध्ये फिरता ड्रमच शूला आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ती मदत नसते, म्हणून सोबत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनीत राहिला तर पॅड घासत राहतात. पॅड धरणारा कॅलिपर रिमला लागत नाही ना, हे पाहावं लागतं. पुढचे-मागचे ब्रेकही जुळवावे लागतात, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. "नुसती डिस्क लावा, बाकी राहू द्या" असं काम आम्ही घेत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो.

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत नाही, ओल्याने धुऊन काढतो. घरी ड्रम उघडणाऱ्यांनीही हे पाळावं, विशेषतः जवळपास मुलं असतील तर.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, तेव्हा डिस्कचं काम सांगण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. तुमचा तसा विचार असेल तर आधी सांगा. काढलेला प्रत्येक मूळ भाग आम्ही खूण करून तुमच्या हाती परत देतो.

काम झाल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा आणि मग अॅडजस्टमेंटसाठी गाडी पुन्हा दाखवा. येताना आरसी बुक आणा, ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून ठेवा आणि गाडी नेहमी कुठल्या घाटातून जाते, तेही सांगा.